अंगातल्या लोहाचा ताळेबंद

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची पंचसूत्री महाराष्ट्राला पाठ आहे: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणी कसं अडवलं, मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत कशी आली, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. नसबंदीच्या सूत्रापाशी मात्र फारसं कोणी थांबत नाही. पुढे याच गावाने लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी बंधनकारक केली. बहुतेक गावांत दाराआड कुजबुजला जाणारा विषय इथे चारचौघांत आला, सगळ्यांच्या देखत ठरला. मला हे बंधाऱ्यांइतकंच मोठं काम वाटतं.

पण नसबंदी हा बाईच्या आयुष्यातला एक दिवस झाला. पाळी बारा-तेराव्या वर्षी येते आणि आपल्याकडे सरासरी 46-47च्या सुमारास जाते. या तीस-पस्तीस वर्षांत शरीरात दर महिन्याला काय घडतं आणि त्याची किंमत कशातून भागते, हे क्वचितच कोणी तिला सांगतं. हिवरे बाजार दरवर्षी पडलेला पाऊस मोजतं, त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच पिकं ठरवतं. तसाच एक ताळेबंद प्रत्येक बाईच्या अंगात चाललेला असतो. तो लोहाचा.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना संदेश पाठवते, एक बीज पिकतं आणि सुटतं. इकडे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. गर्भ राहिला नाही तर बीज सुटल्यापासून साधारण 14 दिवसांनी ते अस्तर रक्तासह बाहेर पडतं. पाळी लवकर किंवा उशिरा येते, ती बहुधा बीज सुटायलाच वेळ कमी-जास्त लागल्यामुळे. मेंदू आणि बीजकोश यांचं हे बोलणं जुळून यायला पहिली दोन-तीन वर्षं जातात, म्हणून नव्याने पाळी आलेल्या मुलीच्या तारखा पुढेमागे होणं नेहमीचंच.

दर पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. चहाचा अर्धा कपसुद्धा भरणार नाही इतकं. पण तेवढ्यात 15-16 मिलिग्रॅम लोह निघून जातं. आपण रोज खातो ते लोह मुख्यतः धान्य-भाजीतलं, आणि त्याचा लहानसा हिस्साच आतडी शोषून घेतात. धान्यातली फायटेट नावाची द्रव्यं त्याला धरून ठेवतात, जेवणावर लगेच घेतलेला चहा आणखी अडवतो. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व उलट मदत करतं. पाळीत 80 मिलिलिटरच्या वर रक्त जात असेल तर ते अति समजतात. घरात कोण मोजणार? खुणा सोप्या आहेत: दर तासा-दोन तासाला पॅड किंवा कपडा भिजणं, रात्री उठून बदलावं लागणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, आठवडा उलटला तरी रक्त न थांबणं. असं महिनोन्‌महिने चाललं की अंगातला साठा तळाला जातो. दम लागतो, पायात गोळे येतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात, पोरगी आळशी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, 15 ते 19च्या मुलींत 59 टक्के. हा आजार नियम व्हावा आणि निरोगी रक्त अपवाद, हे मला संतापजनक वाटतं.

उत्तराचा एक भाग याच जिल्ह्याच्या मातीत आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादची इक्रिसॅट यांनी जास्त लोहाचं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण 2012मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी आणलं. अशा लोहयुक्त बाजरीची परीक्षा नगर जिल्ह्यातल्याच निवासी शाळांत झाली. 12 ते 16 वयाच्या 246 मुलामुलींपैकी काहींना तिच्या पिठाची भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची. कोणाच्या ताटात कुठली, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. चार महिन्यांत पहिल्या गटाच्या अंगातला लोहाचा साठा लक्षणीय वाढला, आणि सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं, त्यांच्यापैकी भरून निघणाऱ्यांचं प्रमाण सहा महिन्यांनी दीडपटीहून जास्त होतं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, रोजचीच भाकरी. तीव्र रक्तक्षयाला भाकरी पुरत नाही, तिथे लोहाच्या गोळ्या लागतातच, आणि आधी रक्त इतकं का जातंय हे तपासावं लागतं.

पोटदुखीबद्दल थोडक्यात. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि कळा येतात. दुखणं सुरू होताच घेतलेली साधी वेदनाशामक गोळी हे द्रव्य बनणंच कमी करते, म्हणून ती डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्यावी. ज्या दुखण्याने दर महिन्याला शाळा बुडते, त्याची तपासणी व्हायला हवी. सोसण्यात काही पुण्य नाही.

आता नसबंदीकडे येऊ. बाईच्या शस्त्रक्रियेत बीजवाहक नळ्या बंद करतात. बीजकोश जागच्या जागी असतात. पाळी पूर्वीसारखीच येते, सुटलेलं बीज अंगातच विरून जातं. पुरुषाची शस्त्रक्रिया याहून सोपी. जागेवरच भूल देऊन, बारीकशा छिद्रातून होते, पोट उघडावं लागत नाही. ताकद जात नाही, पुरुषत्व जात नाही. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं, एवढंच. तरीही त्याच सर्वेक्षणात देशातल्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदीवर भिस्त ठेवलेली, आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. 1921मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांना शंभर वर्षांनंतरचा हा आकडा पाहून काय वाटलं असतं?

हिवरे बाजारने पाण्यापायी ऊस नाकारला. त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीतून, शेजारच्या बीडमधून हजारो जोडपी दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस चुकला की खाडा कापला जातो. पहाटे फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही, पाळी आहे म्हणून थांबायची सोय नाही. 2019मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहाजणींत एक. देशाचं सरासरी प्रमाण सुमारे तीन टक्के.

अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, पाळी जास्त जातेय, यांतल्या बहुतेक तक्रारींना औषधं आहेत. पण औषधाला फेऱ्या लागतात, फेरीला खाडा. ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती घातली की बाई तयार होते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होतं. तिशीतल्या बाईला पन्नाशीचं शरीर मिळतं. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकण्याची शक्यता असते. उचल मात्र फेडायची असतेच.

हा प्रश्न एका धंद्यापुरता नाही, हे डॉ. राणी आणि अभय बंग यांनी आधीच दाखवलं होतं. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी 3.6. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. 1989च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं, तोवर जगाचं लक्ष ग्रामीण बाईच्या बाळंतपणावर आणि कुटुंबनियोजनावरच होतं. तपासणी गावात कोण करणार, हा प्रश्न नगर जिल्ह्यात विचारायचं कारण नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970पासून गावातल्याच बायकांना, कित्येक निरक्षर बायकांना, आरोग्यसेविका म्हणून घडवलं. आज आशाताई गावोगाव आहेत. बोटाच्या टोकाला टोचून हिमोग्लोबिन पाहायला काही मिनिटं लागतात. पावसाच्या आकड्याशेजारी वर्षातून एकदा गावातल्या मुली-बायकांच्या रक्तक्षयाचा एकत्रित आकडा, कुणाचंही नाव न घेता, ग्रामसभेत वाचला जावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे. हिवरे बाजारने तो पायंडा पाडला तर बाकीची गावं बघतील.

चाळिशीनंतरच्या बाईकडे तर कोणाचंच लक्ष नसतं, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग याच वयात गाठतो. तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि वाढायला वर्षानुवर्षं घेतो, म्हणून आधी पकडता येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच, फक्त एकदाच उपलब्ध करून दिली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009मध्ये निघालेला हा निष्कर्ष जगभरच्या धोरणांनी उचलला. लहान मुलींसाठी आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही आहे.

पाळी जाण्याआधीची काही वर्षं ती पुढेमागे होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. हे अपेक्षित आहे. मात्र सलग बारा महिने पाळी आली नाही आणि मग पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागाएवढं, तर ‘गेलेली पाळी परत आली’ असं समजून गप्प बसू नये. पाळी परत येत नाही. ते रक्त कुठून आलं हे डॉक्टरांनी पाहायलाच हवं, आणि त्यासाठी पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.