हिशेब मागणारा नागरिक

‘कर’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक अर्थ हात आणि दुसरा अर्थ शासनाला द्यावयाचा पैसा. हा पैसा ज्या हाताने आपण देतो, त्याच हाताने त्याचा हिशेबही मागू शकतो, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. शहराचा कारभार कसा चालतो, नगरसेवक कसे निवडले जातात, विजेचे दर कोण ठरवतो, या गोष्टी शिकलेल्या आणि पैसेवाल्या लोकांच्या आहेत, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत किती चुकीची आहे आणि हिशेब मागण्याचे कोणते मार्ग कायद्याने आपल्यासाठी खुले केले आहेत, ते या पाठात आपण समजून घेणार आहोत.

करदाता कोणाला म्हणावे?

“माझे स्वतःचे घर नाही, मला पगार बेताचा, मी कुठला करदाता?” असे पुष्कळ जण म्हणतात. थोडा विचार केला तर उत्तर सापडते. साबणाची वडी, चहापत्ती, मोबाइलचे रिचार्ज यांच्या किमतीत वस्तू व सेवा कर मिसळलेला असतो. भाडेकरू मालमत्ता कर थेट भरत नाही. परंतु घरमालक तो भाड्यात धरतो. वीज आणि पाणी यांची बिले तर घरोघरी येतात.

पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात घेतली जात असे. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात बंद झाली. तेव्हापासून जकातीच्या बदल्यात मुंबई महानगरपालिकेला राज्य शासनाकडून भरपाई मिळते. म्हणजे पैसा वळसा घेऊन येतो, पण तो येतो सामान्य माणसाच्याच खिशातून. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शहरात राहणारा, खरेदी करणारा, दिवा लावणारा प्रत्येक जण करदाता आहे.

जुन्या मुंबईतील एक लढा

हिशेब मागण्याची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस म्हणविल्या जाणाऱ्या, सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांकडे आणि एका आयुक्ताकडे सोपविण्यात आला. आर्थर क्रॉफर्ड हे ते आयुक्त. ते कर्तबगार होते. रस्ते, गटारे, स्वच्छता यांची कामे त्यांनी झपाट्याने केली. १८६९ मध्ये त्यांच्याच काळात मोठी मंडई उभी राहिली. परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही. करांचा बोजा वाढत गेला आणि तिजोरी अडचणीत आली. ज्यांच्याकडून कर घेतला जात होता, त्यांना खर्चाविषयी विचारण्याची सोय मात्र कायद्यात नव्हती.

१८७०-७१ मध्ये शहरातील करदाते संघटित झाले. सभा भरल्या, अर्ज गेले. त्या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी एक मूलगामी मुद्दा मांडला. दोष एका अधिकाऱ्याच्या माथी मारून प्रश्न सुटणार नाही. काम करणारा अधिकारी असावाच, पण त्याच्यावर देखरेख ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सदस्यांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावेत असे ठरले. १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम घडविण्यात मेहता यांचा मोठा वाटा होता. अनेक दुरुस्त्या होऊन तो कायदा आजही लागू आहे.

या विजयाला एक मर्यादा होती. १८७२ च्या कायद्यानुसार वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्यालाच मत देता येई. गिरणीत राबणारा, हमाली करणारा, घरकाम करणारी स्त्री यांना त्या निवडणुकीत स्थान नव्हते. प्रत्येक प्रौढ नागरिकाला मुंबई महापालिकेसाठी मत देता आले ते १९४८ मध्ये. पन्नास रुपयांच्या पावतीपासून सर्वांच्या मतापर्यंतचे हे अंतर कापायला शहराला पाऊण शतक लागले.

याच सुमारास पुण्यातही एक आवाज उठत होता. १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांनी सुचविले. पैसा किती खर्च झाला, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही; तो कोणासाठी खर्च झाला, हेही विचारले. क्रॉफर्ड यांच्या काळातील मुंबईची ती मंडई आज महात्मा फुले यांच्याच नावाने ओळखली जाते.

निवडणूक वेळेवर होणे का महत्त्वाचे?

स्वतंत्र भारतात १ जून १९९३ पासून राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली. तिने नगरपालिका आणि महानगरपालिका यांना घटनेत स्थान दिले. त्यांची मुदत पाच वर्षांची ठरली, निवडणुकांसाठी प्रत्येक राज्यात राज्य निवडणूक आयोग आला आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटनेतच लिहिले आहे. २००६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही हे बंधन स्पष्ट केले.

तरीही प्रत्यक्षात काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचना यांविषयीचे वाद न्यायालयात गेले आणि निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत मुंबईचा कारभार प्रशासकाने पाहिला. २०२५-२६ या वर्षाचा सुमारे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही प्रशासकानेच मांडला आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. बंगळूरुमध्येही महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढील पाच वर्षे निवडणूक झाली नाही.

प्रशासक प्रामाणिक आणि कार्यक्षम असू शकतो. परंतु नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, शाळेचे छत गळते आहे, अशा वेळी ज्याचे दार ठोठवावे असा, आपल्याच मताने निवडलेला माणूस त्या काळात नसतो. क्रॉफर्ड यांच्या काळातील करदात्यांची तक्रार नेमकी हीच होती.

मत देण्यापूर्वी उमेदवाराची माहिती मिळवणे हाही हिशेबाचाच भाग आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये याच मागणीसाठी एक संस्था उभी केली आणि न्यायालयात दाद मागितली. २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे संसद आणि विधानसभा यांच्या उमेदवारांना स्वतःवरील गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर देणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांतही असे शपथपत्र द्यावे लागते.

मतदानानंतरचे प्रश्न

मतदान पाच वर्षांतून एकदा येते. खर्च मात्र रोज होत असतो. म्हणून काही शहरांत नागरिकांनी वर्षभर विचारणा करण्याच्या पद्धती शोधल्या. बंगळूरुमध्ये डॉ. सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये शहराच्या सेवांचे ‘प्रगतिपुस्तक’ प्रसिद्ध झाले. पाणी, वीज, दवाखाने, दूरध्वनी यांविषयी लोकांना विचारून प्रत्येक खात्याला जणू गुण देण्यात आले. पहिल्या खेपेला समाधानी नागरिक फारच थोडे निघाले. १९९९ आणि २००३ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली आणि तिसऱ्या खेपेला सेवांमध्ये बरीच सुधारणा दिसून आली. खात्यांना आपली तुलना दुसऱ्या खात्यांशी होते हे दिसले, आणि नागरिकांची तक्रार ही केवळ कुरकुर न राहता मोजता येणारी गोष्ट झाली.

पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. पदपथ, बसथांबा, दिवे, स्वच्छतागृह अशी आपल्या भागातील लहान कामे नागरिक लेखी सुचवू शकतात. सुचविलेले प्रत्येक काम होतेच असे नाही. तरीही अर्थसंकल्प ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या कपाटातून बाहेर येऊन वस्तीपर्यंत पोहोचते, हे महत्त्वाचे आहे.

विजेच्या बिलामागचा हिशेब

विजेचे बिल वाढले की आपण चिडतो, पण भरून मोकळे होतो. दर ठरतो कसा, हे मात्र पाहत नाही. विद्युत अधिनियम २००३ नुसार वीज कंपनीला मनाला येईल तसा दर लावता येत नाही. वीजखरेदी, दुरुस्ती, पगार, कर्जावरील व्याज अशा सर्व खर्चाचा अंदाज तिला राज्य वीज नियामक आयोगापुढे मांडावा लागतो. त्या प्रस्तावाचा सारांश प्रसिद्ध करावा लागतो. लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊन मगच आयोग दर ठरवतो.

अशा हरकतींनी खरोखर काही फरक पडतो का? एक उदाहरण पाहू. समजा, शंभर युनिट वीज तारांत सोडली. त्यांपैकी साठ युनिटांची नोंद मीटरवर झाली. उरलेल्या चाळीस युनिटांचे काय झाले? शेतीपंपांना मीटर नसतील, तर त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. पंपांनी पंचवीस युनिटे वापरली असे म्हटले, तर गळती पंधरा युनिटांची दिसते. पंपांचा खरा वापर दहाच युनिटांचा असेल, तर गळती आणि चोरी तीस युनिटांची ठरते. वीज तेवढीच, आकडा मात्र दुप्पट.

महाराष्ट्रात हेच घडले होते. तेव्हाच्या राज्य वीज मंडळाच्या हिशेबात गळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवली जात असे. आयोग स्थापन झाल्यानंतर १९९९-२००० मध्ये दरवाढीचा पहिला प्रस्ताव सुनावणीला आला. पुण्याची ‘प्रयास’ ही संस्था आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या ग्राहकांच्या प्रतिनिधींनी आकडे तपासून प्रश्न विचारले. तेव्हा गळती प्रत्यक्षात ३० टक्क्यांच्या पुढे असल्याचे उघड झाले. शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेली बरीचशी वीज त्याच्या विहिरीपर्यंत पोहोचतच नव्हती. मोर्चाने किंवा घोषणेने हे सत्य बाहेर आले नसते; त्यासाठी कागद वाचावे लागले.

कमी कर की योग्य खर्च?

करदात्यांच्या संघटनांवर एक आक्षेप घेतला जातो. सुस्थितीतील लोक आपला कर कमी व्हावा, आपल्या गल्लीतले फेरीवाले हटावेत, एवढ्यासाठीच एकत्र येतात, असे म्हटले जाते. काही वेळा ते खरेही असते. कर कमी झाला, पण पालिकेची शाळा आणि दवाखाना बंद पडला, तर गरिबाचे नुकसानच होते. म्हणून हिशेब मागताना दोन प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. पैसा वाया गेला का, हा पहिला. आणि तो ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचला का, हा दुसरा. दुसरा प्रश्न विचारण्यासाठी वस्तीतील माणसांनीच पुढे आले पाहिजे. त्यांच्या वतीने दुसरे कोणी तो विचारील, या भरवशावर राहता येत नाही.

आपण काय करू शकतो?

ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे लागू झाला आहे. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क भरून साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे. जो लिहू शकत नाही, त्याला अर्ज लिहिण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. विजेच्या बिलाविषयी कंपनीकडून दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते.

अक्षरओळख आणि आकडेमोड यांचा खरा उपयोग येथे आहे. पावती वाचता येणे, दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडता येणे, चार ओळींचा अर्ज लिहिता येणे, एवढ्या तयारीवर नागरिक कारभाराच्या दारात उभा राहू शकतो. कर देणारा हात जेव्हा असा अर्जही लिहू लागतो, तेव्हा शहर खऱ्या अर्थाने त्याचे होते.

करून पाहा

१. आपल्या घरातील विजेचे एक बिल घ्या. त्यात स्थिर आकार, ऊर्जा आकार आणि वीज शुल्क किती आहे, ते वेगवेगळे लिहा.

२. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि लोकप्रतिनिधीचे नाव शोधा. प्रतिनिधी नसेल तर मुदत केव्हा संपली, याची चौकशी करा.

३. आपल्या वस्तीतील एका रस्त्याच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या शब्दांत लिहा.