ट्रॉली सोडताना

गेल्या गळीत हंगामात एका सायंकाळी आम्ही एका घरी गेलो असता अंगणात ट्रॅक्टरपासून ट्रॉली सोडण्याची खटपट चालली होती. पिन निघेना. घरधनी ट्रॅक्टरवर बसलेले, इंजिन चालू, आणि १२ वर्षांचा मुलगा मध्ये उभा राहून पिनेवर हातोडा मारीत होता! आम्ही त्याला आधी बाजूला बोलाविले. बोलणे मागाहून केले.

पिन अडते ती बहुधा तिच्यावरील ओढीमुळे. म्हणून जागा सपाट पाहावी. पिनेला हात लावण्यापूर्वी दोन्ही चाकांना पुढून व मागून दगड द्यावेत. मग जॅकखाली फळी ठेवून दांडीचा भार हुकावरून उचलला जाईपर्यंत तो फिरवावा. हायड्रॉलिकचा पाइप व दिव्यांची तार तेव्हाच सोडावी. विसरल्यास ट्रॅक्टर पुढे जाताच ती तुटावयाची. तरीही पिन अडली तर ट्रॅक्टर बोटभर मागे घ्यावा, मात्र मध्ये कोणी नसताना. ब्रेक लावून इंजिन बंद केल्यावरच माणसाने आत शिरावे.

दोन चाकी ट्रॉलीची आणखी एक खोड आहे. जुने गाडीवान 'उलाळ' आणि 'धुरजड' हा भेद जाणत. ऊस मागच्या बाजूस उरला असेल तर ट्रॉली उलाळ होते. पिन निघताच दांडी उसळून वाकलेल्या माणसाच्या जबड्यावर बसते. तेथे जॅक कामास येत नाही. माल आधी उतरवावा.

त्या सायंकाळी दगड दिले, जॅक फिरविला, ट्रॅक्टर किंचित मागे आला. पिन हातानेच निघाली.