उसना घेतलेला डोंगर

रोह्याहून ताम्हिणी घाट चढून पुण्याला गेलेला माणूस बहुधा दवाखाना, कॉलेज नाहीतर खरेदी उरकून परततो. पुढच्या खेपेला हाताशी दोन तास ठेवा आणि सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेली आहे.

कोराकुएन इकेदा त्सुनामासा या संस्थानिकाने बांधवलं. काम १६८७ साली सुरू झालं, १७०० साली पूर्ण झालं. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात बाग होरपळली, पण संस्थानकाळातली तिची चित्रं जपून ठेवलेली होती. त्यांवरून ती पुन्हा उभी केली. चित्रांवरून बाग परत आणायची, केवढी जिद्द!

या बागांची खरी करामत दिसण्या-लपण्यात आहे. वाट सरळ जात नाही. वळणावर एखादं टेकाड, एखादं झाड आडवं येतं, दोन पावलं पुढे गेलं की तळं उलगडतं. शिवाय बाग कुंपणापाशी संपत नाही. कोराकुएनमध्ये आसाही नदीपलीकडचा काळा किल्ला आणि मागचा डोंगर जणू बागेतलेच वाटतात, कारण मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. याला उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. कुंडलिकेच्या काठी उभं राहून अवचितगड पाहिलेल्या रोहेकराला हे निराळं सांगायला नको. डोंगर सरकवता येत नाही, आपण कुठे उभं राहायचं ते मात्र ठरवता येतं.

आणि पाणी! कोराकुएनमध्ये एक छोटं विश्रांतिगृह आहे. त्याच्या मधोमध ओढा वाहतो, ओढ्यात सहा देखणे दगड मांडलेले आहेत. बसल्या जागी पाय सोडावेत इतकं पाणी जवळ. पुण्याच्या बागेत कालव्याचं पाणी घेतलंय, ते उतारानं वाहत जातं. आपल्याकडे मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं, तेही उताराच्याच जोरावर. भिऱ्याला पाण्याची वीज होते, बागेत त्याचा खळखळाट.

म्हणून बागेत शिरल्या शिरल्या फोटोसाठी पुलावर धावू नका. पाणी आत कुठून येतं ते आधी शोधा आणि त्याच्या सोबतीनं खाली चालत या. कुठे ते अरुंद करून बोलतं केलंय, कुठे पसरवून गप्प केलंय, ते आपोआप कळत जाईल.