जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवताय? आधी पंप कुठून चालतो ते बघा

जालना : पेरणी-नांगरणीचे दिवस संपले की जुने ट्रॅक्टर दुरुस्तीला एमआयडीसीकडे येऊ लागतात. सळईच्या रोलिंग मिल आणि जिनिंगचे प्रेस यांच्यामुळे इथं हायड्रॉलिकचं काम जाणणारे कारागीर आहेत. होज पाइप क्रिम्प करून मिळतो, सिलिंडरचं सील बदलून मिळतं. त्यामुळे साध्या स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग करून घ्यायचं म्हटलं तर माणूस सापडतो. पण काम कसं होतं हे आपल्याला माहीत नसेल, तर फसगत होते. माझी झाली.

ट्रॅक्टर जुना, पुढं 6.00-16 चे टायर. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर चाक फिरवायचं म्हणजे खांदे भरून यायचे. पुढं रुंद 7.50-16 टायर टाकले, तर स्टेअरिंग आणखी जड झालं. टायर रुंद झाला की जमिनीला जास्त चिकटतो, आणि अंतर वाढवायला रिम उलटी करून बसवली तर किंगपिनपासून टायर लांब जातो, मग तरफ उलट आपल्याच विरुद्ध काम करते. पुढं लोडर लावणाऱ्यांचा त्रास तर याच्या दुप्पट.

एका वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, लिफ्टच्या पंपाला टी-जॉइंट मारू, ऑर्बिट्रोल आणि सिलिंडर लावू, एका दिवसात काम. खर्चही कमी. रस्त्यावर चाक एका बोटानं फिरत होतं. रानात गेलो, रोटाव्हेटर लावला. धुऱ्यावर आलो की आपण काय करतो? लिफ्ट उचलतो आणि त्याच वेळी वळवतो. तेल सोपी वाट धरतं. त्या क्षणी ते लिफ्टकडं गेलं आणि चाक दगडासारखं झालं. बाजूला पाटचारी होती. ट्रॅक्टर काठावर थांबला म्हणून बरं.

दोष ऑर्बिट्रोलचा नव्हता. एकाच पंपावर दोन कामं असतील तर मधे प्रायॉरिटी व्हॉल्व्ह लागतो. स्टेअरिंगला लागेल तेवढं तेल तो आधी स्टेअरिंगला देतो, उरलेलं लिफ्टला. नुसत्या टी-जॉइंटला हे कळत नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्टेअरिंगला वेगळा छोटा गिअर पंप, तोही इंजिनवरून चालणारा. काही जुन्या मॉडेलांत लिफ्टचा पंप गिअरबॉक्सच्या आत पीटीओच्या शाफ्टवर असतो. एकच क्लच असेल तर पायडल दाबलं की पंप थांबतो. अशा पंपावर स्टेअरिंग लावणं म्हणजे उतारावर क्लच दाबला की स्टेअरिंग जड. कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारा : पंप कशावरून फिरतो?

आता दोन प्रकार समजून घ्या. पहिल्यात जुना स्टेअरिंग बॉक्स आणि दांडे तसेच राहतात, सिलिंडर फक्त जोर देतो. तेल गेलं तरी दांड्यानं चाक वळतंच. दुसऱ्यात बॉक्स निघतो आणि स्टेअरिंगच्या खाली ऑर्बिट्रोल बसतो. ऑर्बिट्रोल हे खरं तर अमेरिकेतल्या चार-लिन कंपनीच्या मालाचं नाव, आता सगळ्याच कंपन्यांच्या युनिटला आपण तेच म्हणतो. आपण जेवढं चाक फिरवू तेवढं तेल तो मोजून सिलिंडरला देतो. इंजिन बंद पडलं तर तोच हातपंप होतो. ताकद खूप लागते, पण वळतं. मात्र होज फुटला तर या दुसऱ्या प्रकारात स्टेअरिंग आणि चाक यांचा संबंधच उरत नाही. म्हणून होज दोन तारजाळ्यांचा घ्या, सायलेन्सरपासून लांब न्या आणि चाक पूर्ण वळवून बघा, कुठं ताणतोय किंवा घासतोय का.

माप चुकलं तरी मजा नाही. समजा सिलिंडर 40 मिमी बोअरचा, रॉड 20 मिमी, स्ट्रोक 200 मिमी. दाब 80 बार धरला तर ढकलताना हजार किलोच्या आसपास जोर मिळतो, ओढताना पावणेआठशेच. कारण ओढताना रॉडनं जागा अडवलेली असते. ऑर्बिट्रोल 80 सीसीचा असेल तर एका बाजूला चाकाचे तीन फेरे नि थोडं, दुसऱ्या बाजूला अडीचच्या आत. डावीकडं हलकं, उजवीकडं जड अशी तक्रार बऱ्याचदा इथून येते. दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर घेतला तर हा फरक राहत नाही, पण तो महाग पडतो. पंपाचं गणितही सोपं आहे. सेकंदाला एक फेरा फिरवायचा तर मिनिटाला 4.8 लिटर तेल हवं. 8 सीसीचा पंप 700 आरपीएमला 5.6 लिटर देतो, म्हणजे इंजिन हळू असतानाही भागतं. याहून लहान पंप लावला की रेस दिली तरच चाक हलकं होतं, आणि वळताना रेस द्यायची सवय चांगली नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या दाबावरच ठेवा, आणि तोही गेज लावून. दाब वाढवला की टायरॉड आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. पुढचा एक्सल हातानं वळवायच्या जोरावर बेतलेला असतो. किंगपिनचे बुश झिजलेले असतील तर आधी ते बदला. काहींचं स्टेअरिंग नुसते बुश आणि टायरमधली हवा नीट केली तरी निम्मं हलकं होतं, किटची गरजच पडत नाही. एक्सलचा स्टॉप बोल्ट आधी टेकला पाहिजे, सिलिंडरचा रॉड शेवटाला आपटता कामा नये. चाक पूर्ण वळवून तसंच धरून ठेवू नका. शिट्टी ऐकू येते ती रिलीफ व्हॉल्व्हची, आणि तेल तापतं.

बसवताना घाण हा सगळ्यात मोठा शत्रू. टेफलॉन टेपचा एक तुकडा ऑर्बिट्रोलमध्ये गेला तर तो अडकतो. होज धुऊनच लावायचा, टाकीला फिल्टर हवाच. काम झालं की पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन हळू ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना सावकाश फिरवायचं. टाकीत फेस दिसतोय तोवर हवा आहे, तोवर रस्त्यावर काढू नका. सवयीचीही एक गोष्ट आहे. ऑर्बिट्रोलवर वळण संपलं की चाक बहुधा आपोआप सरळ येत नाही, हातानं आणावं लागतं. जुन्या स्टेअरिंगवर हात सोडायची सवय असलेला ड्रायव्हर ट्रॉलीसकट पहिल्याच वळणावर चुकतो.

कागदाचाही प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. तुमचं मॉडेल कंपनीकडून पॉवर स्टेअरिंगसह निघत असेल तर कंपनीचेच सुटे भाग घ्या, बिल ठेवा आणि काम करण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडं विचारून घ्या.

माझ्या ट्रॅक्टरचा टी-जॉइंट काढला. इंजिनवरून चालणारा वेगळा पंप बसवला, टाकीही वेगळी केली. पहिल्यापासून असंच केलं असतं तर एकदाच पैसे गेले असते. आता लिफ्ट उचलत धुऱ्यावर वळतो तेव्हा चाक जड होत नाही, तरी त्या पाटचारीच्या बाजूचं तास मी अजून एक पट्टा आत घेतो.