जकात : घरातली आणि नाक्यावरची

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की आमच्या घराघरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. वर्षभर शिलकीत राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढायचा. हाच अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि थेट नाक्यावर जाऊन बसला. पुण्यात २०१३ पर्यंत जकात नाके होते. त्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना जकात म्हणजे दानधर्म हे सांगितले की आधी हसूच येते. माझ्या वर्गातली मुलेही हसतात.

यंदा या दोन्ही जकाती एकाच प्रश्नात भेटल्या. प्रश्न आला मार्गासनीहून. राजगड चढणाऱ्यांना हे गाव ठाऊक असते. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना साखर-गुंजवण्याची वाट इथूनच धरतात. तिथल्या एका ओळखीच्या घरातला मुलगा शारजात इलेक्ट्रिशियन आहे. मार्चअखेरच्या ईदला त्याला सुट्टी नाही. म्हणून ईदी खोक्यातून पाठवायचा त्याचा विचार होता : कॉलेजात जाणाऱ्या बहिणीला मोबाइल आणि घराला मोठा टीव्ही. त्याच्या वडिलांनी मला फोन केला. म्हणाले, ‘‘सर, पोराने घामाच्या पैशातून घेतलेली वस्तू. ती बापाला भेट पाठवली, तर त्यावर कसला आलाय टॅक्स?’’

टॅक्स आहे, आणि भेट म्हटल्याने तो टळत नाही. पूर्वी परदेशातून पोस्टाने येणाऱ्या छोट्या भेटींना सूट असे. तिचा आडोसा घेऊन ऑनलाइन दुकानांचा मालही ‘भेट’ बनून येऊ लागला. त्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही वाट बंद केली. आता पोस्टाने किंवा कुरिअरने भेट पाठवायची तर पूर्ण कर भरायचा. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीला सूट आहे, तिच्यासोबतच्या भेटीला नाही! बहिणीच्या धाग्याची आठवण ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्याला मी मनातल्या मनात सलाम केला. ईदीची आठवणही कुणाला झाली असती तर बरे झाले असते, पण ईदीला धाग्यासारखे ठरलेले रूप नाही, हेही खरे.

तीच वस्तू मुलगा स्वतः घेऊन विमानातून उतरला, तर हिशेब बदलतो. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार फेब्रुवारी २०२६ पर्यंत आखातातून परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतचे सामान करमुक्त आणता येत असे. त्यावरच्या रकमेला ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के लागत. साठ हजारांचा मोबाइल आणला आणि सोबत दुसरे काही नसले, तर वरच्या दहा हजारांवर ३,८५० रुपये भरावे लागत. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप या मर्यादेबाहेर मोकळा आहे. नवरा-बायकोच्या सवलती मात्र एकत्र करता येत नसत. एक लाखाची एकच वस्तू दोघांच्या नावावर वाटून दाखवता येत नसे. आणि ही ५० हजारांची सूट सोबत आणलेल्या सामानालाच होती. खोके मागून आले की ती गेली.

टीव्हीची गोष्ट आणखी वेगळी. चाळीस हजारांचा सपाट पडद्याचा टीव्ही ५० हजारांच्या आत बसतो असे कुणालाही वाटे. पण त्याला पहिल्या रुपयापासून कर होता, १५,४०० रुपये. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरून डॉलर ६८ रुपयांपार गेला, तेव्हा सरकारने टीव्हीची सवलत काढून घेतली. ती परत आली नाही. दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्याला त्या नियमांत काही अटींवर पाच लाखांपर्यंतचे घरसामान करमुक्त आणता येत असे, त्यातही हा टीव्ही बसत नव्हता. मी वडिलांना सांगितले, टीव्हीचे पैसे पाठवायला सांगा आणि इथल्याच दुकानातून घ्या, बिघडला तर दुरुस्तीलाही माणूस येईल. मोबाइल मुलाने सुट्टीवर येताना बिलासकट आणावा.

आयातीवर कर असूच नये, असे माझे म्हणणे नाही. मार्गासनीवरून ज्या राजगडाकडे वाट जाते, तिथे राजधानी वसवणाऱ्या शिवाजी महाराजांचे १६७१ चे एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते आणि संगमेश्वराकडच्या मिठाचा व्यापार बसायची भीती होती. महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला बारदेशी मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. आजचा तर्कही तोच आहे. मोबाइलवरचे आयात शुल्क २०१७ मध्ये दहा टक्के झाले, २०१८ पर्यंत वीसवर गेले आणि जुलै २०२४ मध्ये पंधरावर उतरले. या काळात इथले कारखाने वाढले, हे नाकारता येत नाही.

पण हा तर्क व्यापाऱ्याच्या मालाचा आहे. आमच्या धर्मातल्या जकातीला एक उंबरठा असतो, निसाब : साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. त्याखाली काही देणे नाही. राहते घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे हिशेबात धरतच नाहीत. विकायला ठेवलेला माल मात्र धरतात. २०१६ च्या बॅगेज नियमांतले ५० हजार हाही असाच एक उंबरठा होता. पार्सलला तो का नाही, हे मला समजत नाही. सुट्टी न मिळणाऱ्या मजुरापेक्षा वर्षातून तीनदा दुबईवारी करणाऱ्याला ही सूट अधिक वेळा मिळते.

२०२१ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न श्वासापर्यंत आला होता. परदेशातली मुले-भाचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धाडू लागले, तेव्हा भेट म्हणून ते आणायला एप्रिलअखेर खास परवानगी द्यावी लागली. १ मेपासून त्यावरचा आयजीएसटी २८ वरून १२ टक्क्यांवर आणला. दिल्लीतले ८५ वर्षांचे गुरुचरण सिंग यांना अमेरिकेतल्या भाच्याने असे यंत्र पाठवले होते. ते या १२ टक्क्यांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. सरकारमार्फत वाटप होणाऱ्या यंत्रांना सूट आणि स्वतःसाठी भेट आलेल्या यंत्रावर कर, हा भेदभाव घटनाबाह्य असल्याचा निकाल न्यायालयाने २१ मे रोजी दिला. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.