सांगोल्याचे आबासाहेब

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पुढाऱ्यांना तोटा नाही. पण मुंबईच्या पाहुण्याने ‘तुमच्याकडचा एखादा नमुनेदार आमदार सांगा’ म्हटले, की माझ्या तोंडी गणपतराव देशमुखांचेच नाव येते. सांगोल्याने या वकिलाला १९६२ साली प्रथम विधानसभेत धाडले आणि २०१४ पर्यंत एकंदर अकरा वेळा! पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. यशवंतराव मोहित्यांसारखे बडे सोबती काँग्रेसवासी झाले. आबासाहेब लाल बावट्याखालून हलले नाहीत.

म्हणून मतदार त्यांच्या खिशात होते असे कुणी समजू नये. १९७२ मध्ये ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ मध्ये तर अवघ्या १९२ मतांनी गेले. (एवढी माणसे आमच्याकडे एका लग्नाच्या पंगतीला असतात!) १९९९ ला पुन्हा विजयी.

या लोभाचे मूळ मला पाण्यात दिसते. माणदेशातला हा कोरडा तालुका. पाऊस येथे पाहुण्यासारखा. कृष्णेचे पाणी इकडे वळावे म्हणून आटपाडीच्या पाणी परिषदेतून, नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीने, त्यांनी वर्षानुवर्षे सरकारमागे धोशा लावला. सहकारी सूतगिरणी उभी केली. मंत्रिपदे आली नि गेली, एसटीचा प्रवास मात्र सुटला नाही.

२०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये सांगोल्याने त्यांचे नातू बाबासाहेब यांना निवडून दिले, तेही शेकापतर्फेच.