फिट खरी, पण अपस्मार नव्हे

'ईईजी नॉर्मल आहे, म्हणजे तिला काही झालेलं नाही. नाटकं करतेय.' फिट येणाऱ्या मुलीच्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात दोन चुका आहेत.

पहिली ईईजीबद्दलची, म्हणजे मेंदूच्या विद्युत-लहरींच्या आलेखाबद्दलची. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला साधा ईईजी खऱ्या अपस्माराच्या रुग्णाचाही नॉर्मल येऊ शकतो. उलट आलेखातल्या एखाद्या किरकोळ वळणावरून वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या खाल्लेले लोकही आहेत. खात्रीलायक चाचणी म्हणजे व्हिडिओ ईईजी. डोक्याला तारा, समोर कॅमेरा आणि झटका येईपर्यंत वाट पाहणं. अंग झडतंय, पण त्याच क्षणी मेंदूत अपस्माराची विद्युत-लाट नाही, हे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतं. मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे.

दुसरी चूक 'नाटका'ची. अशा झटक्यांना डॉक्टर फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर म्हणतात. भान आणि हालचाल यांच्यावरचा मेंदूचा ताबा काही काळ सुटतो, आणि तो रुग्णाच्या मर्जीनं सुटत नाही. मुद्दाम सोंग घेणारा एखादा सापडतोही, पण तो अपवाद. गोळ्यांना दाद न देणाऱ्या झटक्यांसाठी अपस्मार केंद्रात येणाऱ्या दर चार-पाच रुग्णांपैकी साधारण एकाला हाच आजार निघतो. म्हणजे तो दुर्मीळही नाही.

निदान झालं की घरचे उलटतपासणीला बसतात: 'मग तुला टेन्शन कसलं आहे ते सांग!' अनेकांच्या भूतकाळात जबर आघात असतो, हे खरं. सगळ्यांच्या नसतो. झटका भांडणाच्या वेळी न येता निवांत टीव्ही बघतानाही येतो. काहींना छाती धडधडणं, हातपाय बधिर होणं अशी शरीराची घबराट जाणवते, मनात मात्र भीती नसते. कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही.

झटका आल्यावर कांदा, चप्पल, हातात किल्ली यांचा उपयोग नाही, अपस्मारातही नाही. आसपासच्या टोकदार वस्तू सरकवा, कुशीवर वळवा, हातपाय दाबून धरू नका, दातांत काही घालू नका, हळू आवाजात बोलत राहा. झटका पहिलाच असेल, कशाचा आहे याची शंका असेल किंवा तो पाच मिनिटांवर गेला, तर १०८ लावा.

आणि शक्य असेल तर कुणीतरी मोबाइलवर चित्रण करा. चेहरा दिसला पाहिजे. डोळे मिटलेले आहेत की उघडे? हाक मारल्यावर काही प्रतिसाद? किती मिनिटं चाललं? मिटलेले डोळे, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं झडणं, डावी-उजवीकडे हलणारं डोकं अशा खुणा न्यूरोलॉजिस्टला दिशा देतात. निकाल मात्र एकट्या खुणेवर लागत नाही.

'अपस्मार नाही, तर आजपासून गोळ्या बंद!' हे घरच्या घरी कधीही करू नये. अशा रुग्णांपैकी साधारण पाचांत एकाला अपस्मारही असतो. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्यानं.

मला जास्त खटकतो तो गैरसमज काही डॉक्टरांचाच आहे: 'आमचं काम संपलं, सायकिअॅट्रीत जा.' निदान नीट, आदरानं समजावून सांगितलं तर तेवढ्यानंही काहींचे झटके कमी होतात. पुढचा मुख्य उपचार बोलण्याचा. विचार-वर्तन उपचारात झटक्याची चाहूल ओळखायला आणि ती लागताच लक्ष बाहेर वळवायला शिकवतात: तळपाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, थंड बाटली हातात धरायची, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा महिन्यांनंतर या उपचारानं झटक्यांची महिन्याची संख्या ठळकपणे घटली नाही. तरी दोन झटक्यांमधला सर्वांत मोठा मोकळा काळ वाढला आणि रोजचं जगणं सुधारलं. 'दहा सिटिंगमध्ये ग्यारंटी' म्हणणाऱ्यापासून लांबच राहावं.

जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं; जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येतं. जाताना न्यूरोलॉजीची फाइल आणि ते मोबाइल चित्रण बरोबर न्या, आणि न्यूरोलॉजिस्टची पुढची तारीख रद्द करू नका. विमा कंपनीनं 'हे मानसिक आहे' एवढंच कारण देऊन दावा नाकारला, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ दाखवा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा-संरक्षण द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे.